दीड हात

मिठागराच्या हजेरीपटावर नवरा-बायकोची मिळून एकच ओळ असे. नाव नवऱ्याचं आणि नावापुढे आकडा, दीड. नवरा एक हात, बायको अर्धा. उजाडताना दोघं एकदमच चिखलात उतरत, एकदमच बाहेर येत, टोपल्या दोघांच्या डोक्यावर सारख्याच भरल्या जात. पण अर्धा म्हणजे अर्धा. नवरा मेला किंवा मोडला तर ओळ पुसली जाई, आणि ओळीबरोबर वाफा जाई, राहती खोली जाई. उरलेल्या बाईचं काय, असं कुणी विचारलं की मुनशी म्हणे, अर्ध्यापासून मोजणी कशी सुरू करणार? आणि विचारणारा मान डोलावून परत जाई, जणू खरंच काही उत्तर मिळालं.

खांब या पटावर अकरा वर्षं होता. उंच म्हणून खांब. बायको त्याच्या छातीला लागायची, तरी तिला सगळे खांबीण म्हणत आणि ती ओ देई. घरात तिसरी म्हातारी, खांबाची आई. तिचे पाय मिठाने इतके चिरलेले होते की आता तिला वाफ्यात उतरवत नसे. ती खोलीत बसून टोपल्या दुरुस्त करी आणि संध्याकाळी प्रार्थनाघरात जाई.

यंदा मालकांनी मिठाची रास दुप्पट उंच रचायला घेतली. राशीवर चढायची फळी मात्र होती तेवढीच राहिली, म्हणजे चढ उभा झाला. डोक्यावर ओली टोपली घेऊन त्या फळीवरून चढणं म्हणजे मांजराच्या पावलांनी शिडी चढणं. एका दुपारी खांबाचा पाय निसटला. पडू नये म्हणून त्याने उजव्या हाताने फळीची कड धरली, आणि त्याच्या सगळ्या अंगाचा भार त्या एका खांद्यावर आला. खांबिणीने तो आवाज ऐकला. ओली काटकी मोडावी तसा.

हाडवैद्य खाडीपलीकडे राहायचा. त्याने खांबाच्या काखेत टाच रोवली, हात ओढला, खांदा बसवला आणि हात धुऊन म्हणाला, "छातीपर्यंत येईल. त्याच्या वर जायचा नाही."

"कधीच?" खांबिणीने विचारलं.

"बाई, मी हाडं बसवतो, नवीन देत नाही."

दोघं होडीने परत निघाली. हंगामाचे दोन महिने उरले होते. वाफ्यातल्या पाण्यावर साय धरायला लागली होती, खाली मीठ बसत होतं. आत्ता ओळ पुसली गेली असती तर ते मीठही दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं.

"कुणाला सांगायचं नाही," काठावर पाय ठेवताना खांबीण म्हणाली.

"काम?"

"काम मी करीन. तू नुसता उभा राहा. तसाही तू खांबच."

तो हसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती दोघांचं काम करू लागली. लांब दांड्याची लाकडी फावडी घेऊन ती वाफ्यातलं मीठ ओढून कडेला आणी. कमरेतून वाकून सहा हात मागे चालत यायचं, पुन्हा पुढे जायचं, पुन्हा मागे. दुपारी मिठाची पांढरी तिरीप डोळ्यांत घुसे आणि डोळ्यांतून पाणी वाही. तिच्या टाचांच्या भेगांत मीठ शिरे. खांब बांधाच्या कडेला दुसरी फावडी डाव्या हातात धरून उभा असे. मुकादम लांबून दिसला की ती खोकायची, आणि तो फावडी पाण्यात टाकून एका हाताने हलवल्यासारखं करायचा. मुकादम गेला की फावडी पुन्हा बांधावर. सुरुवातीला त्याला याचं हसू आलं, मग लाज वाटली, मग राग यायला लागला. आणि राग काढायला जवळ दुसरं कुणी नव्हतं.

त्याच्या चड्डीची नाडी तीच बांधायची. पहिल्या सकाळी तिने गाठ मारली तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे केलं. म्हातारीही भिंतीकडेच बघत होती.

"घट्ट झाली का?" खांबिणीने विचारलं.

"बांधलीस ना? मग झालं," तो म्हणाला.

प्रार्थनाघर मालकांनी बांधून दिलं होतं. पत्र्याचं नव्हे, चांगलं पक्कं. मजुरांच्या खोल्या गळत होत्या, पण देवाला एक थेंब लागत नव्हता. मालक स्वतः राजधानीतल्या सभागृहात निवडून गेलेले, आणि ते निवडून आले त्या वर्षी बुवांनी प्रत्येक प्रवचनात सांगितलं होतं की ज्याने देवाला छप्पर दिलं त्याला आपण खुर्ची द्यायला नको का. लोकांनी दिली. बुवा माणूस मऊ. कधी आवाज चढवायचे नाहीत. बायका मागे बसायच्या, आणि बुवा त्यांच्याकडे बघून हळूच म्हणायचे, "देवाने बाईला हात जोडायला दिलेत. सभेत वर करायला नाहीत. ज्या घरात बाईचा हात वर जातो त्या घराची बरकत खाली येते."

हे बोलणं एरवी कुणी फार मनावर घेतलं नसतं. पण यंदा वरून हुकूम आला होता की प्रत्येक मिठागराने मजुरांचा एक प्रतिनिधी निवडावा. पटावरच्या ओळीमागे एक मत, मत उघड, उजवा हात वर करून. ओळीमागे एक, ही सूचना सभागृहात खुद्द मालकांची होती असं मुनशी अभिमानाने सांगे. चौसष्ट ओळी, चौसष्ट हात.

उभे दोघं होते. एक मुकादम. दुसरा मीठ तोलणारा, ज्याला सगळे काटेवाला म्हणत. काटेवाल्याने एकच गोष्ट लावून धरली होती, बाईची वेगळी ओळ. नाव तिचं, हात पूर्ण. नवरा मोडला तरी तिचा वाफा तिच्याकडे.

"बायको पूर्ण हात झाली की तो पूर्ण हात आपल्या पाठीत बसणार," पाण्याच्या टाकीपाशी पुरुष हसायचे. पण हसणाऱ्यांतले निम्मे घरी गेल्यावर बायकोला विचारायचे, खरंच होईल का गं असं?

खांबीण कुणाला काही विचारत नव्हती. तिने मनात ठरवून टाकलं होतं. काटेवाला आला की आपली वेगळी ओळ, मग खांदा झाकायचं कारण नाही. तोवर दम काढायचा. रात्री अंग टाकलं की ती त्या ओळीचा विचार करी.

म्हातारीलाही मुलाचं दुःख बघवत नव्हतं. तिने आपल्या परीने इलाज केला. एका संध्याकाळी प्रवचन संपल्यावर ती मागे थांबली आणि बुवांच्या पायाशी बसून म्हणाली, "माझ्या पोराच्या खांद्यासाठी देवाला जरा शब्द टाका."

"काय झालं खांद्याला?" बुवांनी विचारलं. फार मायेने विचारलं. म्हातारीने सगळं सांगितलं. फळी, हाडवैद्य, फावडी, खोकणं. बुवांनी डोळे मिटून ऐकलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आजी, तुमचं ओझं आता माझं झालं." म्हातारी हलकी होऊन घरी आली. त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

तिसऱ्या दिवशी मुकादम खोलीवर आला. दारात चप्पल न काढता आत आला आणि खांबासमोर बसला.

"खांदा कसा आहे?"

खांबाने बायकोकडे पाहिलं. खांबिणीने म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीच्या हातातली टोपली खाली पडली.

"मी भांडायला नाही आलो," मुकादम म्हणाला. "मालकांना माणसांची काळजी आहे. हंगाम पुरा होऊ दे तुझा. पुढच्या हंगामातही राहा. आम्ही काही पाहिलं नाही. परवा सभेत माझं नाव पुकारलं की उजवा हात वर करायचा. बस, एवढंच."

"तो वर जात नाही," खांब म्हणाला.

"माहीत आहे रे. बायको मागे उभी असतेच की. लांब बाह्यांचा सदरा घाल. कोपराला खालून जरा टेकू दिला तर कुणाला दिसतंय?" तो उठला. दारात थांबून खांबिणीकडे बघत म्हणाला, "आणि नाही गेला वर, तर मग सगळ्यांनाच दिसेल ना, की तो जात नाही."

तो गेल्यावर म्हातारी म्हणाली, "मी देवाला सांगितलं होतं."

"पोचलं," खांबीण म्हणाली.

त्या रात्री त्यांनी सराव केला. दिवा बारीक करून खांब खोलीच्या मधोमध उभा राहिला, ती मागे. तिने त्याच्या कोपराखाली तळवा लावला आणि वर रेटलं. छातीपर्यंत हात गेला. पुढे खांबाने दात खाल्ले. आणखी रेटल्यावर त्याच्या मानेवर घामाचे थेंब आले आणि तोंडातून बारीक आवाज निघाला. हात वर गेला. ती सोडणार एवढ्यात तो म्हणाला, "मोजेपर्यंत धरावा लागेल."

तिने धरला.

"म्हणजे माझाच हात तोडायला माझाच हात लागतो," ती म्हणाली.

"तुझी ओळ कागदावर आहे, बये. ही खोली डोक्यावर आहे."

"मुकादम आला की पुढच्या हंगामात तुला ठेवेल?"

"म्हणालाय."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"त्याच्या पुढचं मला विचारू नकोस!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "उचलशील ना?"

तिने हात खाली सोडला, सावकाश, त्याला दुखू नये असा. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. खांबाने त्याचा अर्थ हो असा घेतला. नवरे घेतातच.

सभा प्रार्थनाघराच्या अंगणात भरली. मालक सावलीत खुर्चीवर, शेजारी बुवा, पुढे टेबलाशी मुनशी. पुरुष रांगा करून उभे, प्रत्येकाच्या मागे त्याची बायको. ऊन मरणाचं होतं आणि वारा पडला होता. बुवांनी प्रार्थना म्हटली. बायकांनी हात जोडले.

"मुकादम," मुनशीने पुकारलं. "उजवे हात वर."

हात वर जायला लागले. मालकांना समोरून नुसते तळवे दिसत होते. मागे उभ्या असलेल्या खांबिणीला पाठी दिसत होत्या. पुढच्या रांगेत एका बाईचा तळवा नवऱ्याच्या कोपराखाली होता. तिच्या डावीकडे आणखी एक. त्यांच्या पुढे तिसरी, पोटुशी, दोन्ही हातांनी रेटत होती. लांब बाह्यांचे सदरे, एवढ्या उन्हात. तिने सात मोजले. सात घरं खोकून-खोकून दिवस काढत होती, आणि प्रत्येक घराला वाटत होतं की मुकादमाने आपल्यापुरतंच डोळे झाकलेत.

"एकतीस," मुनशी म्हणाला. "आणखी?"

"उचल," खांब ओठ न हलवता म्हणाला.

खांबिणीचे हात जोडलेले होते. प्रार्थनेपासून ते तसेच होते.

"अगं, उचल."

मुनशीने पेन उचललं. मुकादम दोन पावलं पुढे आला. बत्तीस झाले तर बरोबरी होती, आणि बरोबरीचा निकाल मालक देणार होते. हे सगळ्यांना माहीत होतं. "खांबा, तुझा हात कुठंय?" मुकादम म्हणाला.

खांबाचा खांदा हलला. हात छातीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. त्याने पुन्हा झटका दिला. पुन्हा तिथेच. लोक वळून बघायला लागले. खांबाच्या कानशिलांवर घाम आला. एवढा उंच माणूस, चारचौघांत स्वतःच्या हाताशी झटापट करतोय. तिला त्याची दया आली. त्या एका क्षणी तिने हात सोडवले असते.

पण मुकादमाला दम निघाला नाही. तो तिच्याकडे बोट करून ओरडला, "ए बाई! हात वर कर त्याचा! बघत काय बसलीस!"

खांबिणीने मान वळवून बुवांकडे पाहिलं.

"बुवांनी सांगितलंय," खांबीण म्हणाली, "बाईने सभेत हात वर करायचा नसतो. करू का, बुवा?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. बुवांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी रुमालाने मान पुसली आणि मुनशीला म्हणाले, "पुढे चला."

काटेवाल्याला बत्तीस हात पडले. तो निवडून आला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मुनशीने ओळीवर रेघ मारली. कारण सरळ होतं, हात वर जात नाही हे चौसष्ट साक्षीदारांनी पाहिलं होतं. दुपारपर्यंत खोली रिकामी करायची. खांबीण तशीच काटेवाल्याकडे गेली. तो तोलकाट्यापाशी नवीन सदरा घालून उभा होता.

"माझी ओळ," ती म्हणाली.

काटेवाल्याला वाईट वाटलं. खोटं नाही, खरंच वाटलं. "ताई, मी मांडणार आहे ते. पण मी पटावरच्यांचा प्रतिनिधी. तुम्ही आज पटावर नाही. नसलेल्या माणसाची बाजू मी कशी घेऊ? आणि आल्या-आल्या बायकांचं काढलं तर पुरुष बिथरतील. आधी त्यांनी मागितलेली नवी पाण्याची टाकी होऊ दे."

"टाकी," खांबीण म्हणाली.

"थोडा धीर धरा."

ती वळली. तेवढ्यात तिला वाफ्याकडे मुकादम दिसला. तो कालच्या पराभवाचा राग काढायला बांधातल्या मोरीवर वाकला होता आणि लाकडी झडप वर ओढत होता. मोरीतून खाडीचं पाणी आत यायला लागलं. इतके दिवस तिने ओढून कडेला लावलेलं मीठ, पांढरंशुभ्र, कमरेएवढं, खालून करडं पडायला लागलं. मीठ दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं तर ते तिने सोसलं असतं. हे मात्र कुणाच्याच पोटात जाणार नव्हतं. ती पळत सुटली, आणि पळताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून लांबच्या वाफ्यांतल्या बायकांनी माना वर केल्या.

तिच्याआधी म्हातारी पोचली होती. कशी पोचली देव जाणे. चिरलेल्या पायांनी, काठीशिवाय. ती बांधावरून घसरत खाली आली आणि मोरीच्या तोंडात बसली. पाठ पाण्याकडे, पाय वाफ्यात. पाणी तिच्या दोन्ही बगलांनी फुटायला लागलं, पण धार निम्मी झाली.

"म्हातारे, ऊठ!"

"माझ्या पोराचा खांदा मी देवापुढे ठेवला होता," म्हातारी म्हणाली. "तुझ्यापुढे नाही. बुवाला बोलव. त्याला म्हणावं, माझं ओझं घेतलं होतंस ना, ये आणि उचल."

मुकादमाने तिच्या दंडाला धरलं. म्हातारी हाडांची मोळी, पण चिखलात रुतली होती. तो घसरला, गुडघ्यावर पडला, चिखलाने माखून उठला. एव्हाना खांब आला होता. काल सभेतून आल्यापासून तो बायकोशी एक शब्द बोलला नव्हता. तो आईशेजारी पाण्यात बसला आणि डाव्या हाताने मोरीची कड धरली. खांबीण दुसऱ्या बाजूला बसली. आता धार नुसती झिरपत होती.

मुकादमाने हातांची दुर्बीण करून चारी बाजूंना पाहिलं. कुणाला बोलवायचं? काटेवाल्याचे बत्तीस यायचे नाहीत. आपली माणसं हवीत, ज्यांची मानगूट आपल्या मुठीत आहे, जी नाही म्हणूच शकत नाहीत अशी. त्याने नावं घेऊन हाका मारल्या. एक, दोन, पाच, सात.

सातही जण आले. मागोमाग त्यांच्या बायका आल्या आणि बांधावर उभ्या राहिल्या.

"उचला या तिघांना!" मुकादम म्हणाला. "फेका बाहेर!"

सात पुरुष पाण्यात उतरले. म्हातारीभोवती उभे राहिले. वाकले नाहीत. लांब बाह्यांच्या सदऱ्यांतून त्यांचे उजवे हात सरळ खाली लोंबत होते. एकाने डावा हात पुढे केला, म्हातारीच्या खांद्याला लावला आणि परत घेतला.

"अरे, उचला म्हणतोय ना! हात मोडलेत का तुमचे?"

बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं. सातांपैकी एकजण, दाढीवाला, वयाने मोठा, शांतपणे म्हणाला, "हो."

मुकादमाने बांधावरच्या बायकांकडे पाहिलं. पोटुशी बाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती. तो काय म्हणतोय याची वाट बघत होती.

राशीच्या पलीकडे धूळ उडाली. मालकांची गाडी बांधावरून येत होती, आणि तिच्या मागे आणखी दोन गाड्या होत्या, त्या मिठागराच्या नव्हत्या. बायकांनी त्या पाहिल्या. एक बाई घाबरून दोन पावलं मागे सरली. बाकीच्या उभ्या होत्या, पण त्यांचेही चेहरे उतरले होते.

पोटुशीने चपला काढून बांधावर ठेवल्या. ती जपून खाली उतरली आणि खांबिणीशेजारी पाण्यात बसली.

"किती माणसं असतील त्या गाड्यांत?" तिने विचारलं.

"उतरली की मोजू," खांबीण म्हणाली आणि तिला टेकायला जागा करून दिली.